पुण्याहून मुंबईला रॉक कॉन्सर्टला जाताय? खाण्यापिण्यासकट वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परदेशी बँडने मुंबईची तारीख जाहीर केली की दोन दिवसांत माझ्या फोनवर तेच तेच प्रश्न यायला लागतात. मित्र, मित्रांची भाचरं, ऑफिसातली मुलं, एकदा तर सोसायटीच्या सेक्रेटरींच्या मिसेस. प्रत्येकाला वेगळं टाइप करून अंगठा दुखला, म्हणून हे एकत्र लिहून ठेवलंय. क्रमाने वाचायची गरज नाही. जिथे दुसरीकडचं उत्तर लागतं तिथे आकडा दिलाय.

१. मुंबईत कॉन्सर्ट असते म्हणजे नेमकी कुठे? सगळं एकाच मैदानात होतं का?

नाही, आणि तिकीट काढायच्या आधी हेच बघायचं. मोठे कार्यक्रम मुख्यतः तीन ठिकाणी होतात. पहिलं महालक्ष्मी रेसकोर्स. २०२३ पासून लोलापलूझा या संगीत फेस्टिव्हलचे भारतातले कार्यक्रम इथेच झाले. ग्रीन डे मार्च २०२५ मध्ये इथेच वाजले आणि गन्स अँड रोझेसही १७ मे २०२५ ला इथेच. दुसरं नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. डिसेंबर २०१९ मध्ये यू टू आणि जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले तिथे होते. तिसरं बीकेसीतली, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातली मैदानं. तिकिटावर तिन्हींना 'मुंबई' असंच लिहिलेलं असू शकतं. पण पुण्याहून निघणाऱ्यासाठी नेरूळ आणि महालक्ष्मी ही जवळजवळ दोन वेगळी गावं आहेत. मार्ग वेगळा, परतीची सोय वेगळी आणि खाणं तर पूर्णच वेगळं.

२. एका दिवसात जाऊन-येऊन होतं का? सोमवारी ऑफिस आहे.

होतं. मात्र आखणी शेवटाकडून करायची. आधी रात्रीची परत यायची सोय, मग दुपारचं खाणं, आणि सगळ्यात शेवटी जायची गाडी. बहुतेक जण सकाळच्या डेक्कन क्वीनचं तिकीट मिळालं की खुश होतात आणि रात्री सव्वादहाला मैदानाबाहेर उभं राहून 'आता काय' विचारतात. सकाळी मुंबईला जायला पन्नास वाटा आहेत. रात्री परत यायला दोन-तीनच आहेत, त्या प्रश्न १० मध्ये.

३. कॉन्सर्ट रात्री दहाला संपते हे नक्की का? मला कोणी म्हणालं बारापर्यंत चालते.

उघड्या मैदानात दहा धरून चाला. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस ही मुदत बारापर्यंत वाढवू शकतं, पण ते दिवस सण-उत्सवांसाठी असतात आणि आपल्याकडे ते कुठे जातात हे सांगायला नको. त्यामुळे परदेशी बँडसुद्धा साडेआठच्या आत स्टेजवर येतात आणि दहाच्या ठोक्याला दिवे लागतात. बंद सभागृहातल्या गिगला ही अडचण तेवढी नसते. तिथे आयोजकांनी दिलेली वेळच बघायची.

ह्याच नियमांनी एक जागा कायमची घालवली. धोबीतलावचं रंगभवन, उघड्यावरचं नाट्यगृह. इंडिपेंडन्स रॉक हे रॉक फेस्टिव्हल, म्हणजे सगळ्यांचं 'आय-रॉक', १९८६ साली तिथे सुरू झालं. आसपास कॉलेज आणि हॉस्पिटल, म्हणजे शांतता क्षेत्र, म्हणून पुढे तिथले कार्यक्रम बंद पडले. आमच्या आधीच्या पिढीतले लोक आजही रंगभवनच्या नावाने उसासा टाकतात.

४. जाताना ट्रेन, शिवनेरी की स्वतःची गाडी?

मी ट्रेन म्हणेन. डेक्कन क्वीन पुण्याहून सकाळी ७:१५ ला सुटते आणि दहाच्या सुमारास दादरला सोडते. १ जून १९३० पासून ही गाडी धावतेय. डायनिंग कारमध्ये बसून ऑम्लेट किंवा चीज टोस्ट खाताना बाहेर खंडाळ्याचा घाट सरकतो, तेव्हा कॉन्सर्टचा दिवस खऱ्या अर्थाने सुरू होतो. आरक्षण मात्र तारीख जाहीर झाल्याबरोबर बघा. शनिवार-रविवारी 'वेटिंग ४०' म्हणजे घरीच बसा.

ट्रेन हुकली तर शिवनेरी. स्वारगेट आणि पुणे स्टेशनहून दादरसाठी दिवसभर मिळते. महिलांना एसटीच्या सगळ्या गाड्यांत निम्मं भाडं आहे, शिवनेरीतही. ग्रुपमधल्या मुलींनी हे पोरांना मुद्दाम ऐकवावं.

स्वतःची गाडी फक्त दोन परिस्थितींत परवडते. कार्यक्रम नेरूळला असेल, किंवा ग्रुपमध्ये एक जण असा असेल जो पिणार नाही, नाचणार नाही आणि रात्री दोनला घाट चढताना झोपणारही नाही. असा मित्र मला वीस वर्षांत एकच मिळाला आणि तोही आता लग्न करून नाशिकला गेला.

५. आम्ही दोघं बुलेटवर जाणार आहोत. एक्स्प्रेसवेने किती वेळ लागेल?

एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे. जुन्या हायवेने जावं लागेल. जाताना मजा येते, रात्री परत येताना अजिबात नाही. घाटात ट्रकमागे ट्रक असतात आणि तुमचे कान अजून बधिर असतात. राहणार असाल तरच बुलेट काढा.

६. दादरला उतरलो. तिथून महालक्ष्मी रेसकोर्सला कसं जायचं?

दादरला पूल चढून पश्चिम रेल्वेच्या बाजूला या आणि चर्चगेटकडे जाणारी स्लो लोकल पकडा. प्रभादेवी, लोअर परळ, महालक्ष्मी. तिसरं स्टेशन. फास्ट गाडी महालक्ष्मीला थांबत नाही. इंडिकेटरवर 'फास्ट' दिसत असताना घाईत चढाल तर थेट मुंबई सेंट्रल गाठाल. दर वेळी काळे टी-शर्ट घातलेला एक तरी घोळका ही चूक करतो.

दुसरा पर्याय मेट्रो ३. ऑक्टोबर २०२५ पासून ती कफ परेडपर्यंत धावते. तिचं दादर स्टेशन पश्चिमेला आहे आणि महालक्ष्मीचंही स्टेशन आहे. थंडगार डबा, गर्दी कमी.

लोकलचं तिकीट न काढता 'एवढ्या तीन स्टेशनांसाठी काय' असं म्हणू नका. दंड कमीत कमी २५० रुपये आणि वर भाडं.

७. आणि नेरूळला?

नेरूळला जायचं तर मुंबईत शिरूच नका. पुण्याहून दादरला जाणारी बस सायन-पनवेल हायवेनेच जाते आणि स्टेडियम त्याच हायवेला लागून आहे. कंडक्टरला चढतानाच 'नेरूळ एलपीला थांबेल का' विचारून ठेवा, एलपी हा हायवेवरचा थांबा. ट्रेनने पनवेलला आलात तर हार्बरची लोकल पकडा, सहावं स्टेशन नेरूळ: खांदेश्वर, मानसरोवर, खारघर, बेलापूर, सीवूड्स, नेरूळ. मुंबईच्या बाजूने येत असाल तर लक्षात ठेवा, दादरला हार्बर लाइन नाही. कुर्ल्याला गाडी बदलावी लागते.

कोल्डप्लेच्या वेळी गोरेगाव ते नेरूळ खास लोकल सोडल्या होत्या. असं काही पुन्हा झालं तर आयोजक आठवडाभर आधी सांगतात. त्यांचे ईमेल न वाचता डिलीट करू नका.

८. बीकेसी?

सर्वात सोपं. दादरहून मेट्रो ३, शीतलादेवी आणि धारावी झालं की बीकेसी. परतताना मेट्रो बंद झाली असेल तर कुर्ला किंवा वांद्रे स्टेशन, पण तिथली शेअर रिक्षा कॉन्सर्टच्या रात्री शेअर राहत नाही.

९. कार्यक्रम रविवारी आहे. मेगाब्लॉकचं काय?

मेगाब्लॉक पुणेकरांच्या हिशेबात कधीच नसतो, म्हणून हा प्रश्न वेगळा ठेवला. रविवारी दुरुस्तीसाठी मध्य आणि हार्बर मार्गावर साधारण सकाळी अकरा ते दुपारी चार-पाचपर्यंत काही टप्प्यांत लोकल बंद असतात किंवा वळवलेल्या असतात. नेमकी हीच तुमची नेरूळला पोहोचायची वेळ. पश्चिम मार्गावर त्यालाच जम्बोब्लॉक म्हणतात. कोणत्या टप्प्यात ब्लॉक आहे हे शनिवारच्या पेपरात छापून येतं. हार्बरवर असेल तर रस्त्याने जा किंवा अकराच्या आत पोहोचा. रात्री परतताना ब्लॉकचा सहसा त्रास नसतो.

१०. रात्री परत कसं यायचं? हाच मेन प्रश्न आहे.

खरंच हाच आहे. दहाला कार्यक्रम संपतो. हजारो माणसं एकाच वेळी चार-पाच गेटांकडे निघतात. महालक्ष्मीच्या फलाटावर पोहोचायला अर्धा ते पाऊण तास धरा. पुढे काय, ते असं:

सीएसएमटीहून सोलापूरची सिद्धेश्वर रात्री पावणेअकराच्या आसपास सुटते, दादरला थांबते आणि मध्यरात्रीनंतर पुण्याला सोडते. कागदावर छान दिसते. प्रत्यक्षात ती पकडायला शेवटची तीन गाणी सोडावी लागतात, आणि कुठलाही बँड आपलं सगळ्यात मोठं गाणं शेवटच्या तिनांतच ठेवतो. मी ती गाणी एकदा सोडली. परत सोडणार नाही.

म्हणून बस. महालक्ष्मीहून स्लो लोकलने दादर, पूर्वेला बाहेर पडून एशियाड स्टँड. पुण्याच्या गाड्या रात्री उशिरापर्यंत असतात. आरक्षण करताना बाराच्या पुढचीच गाडी घ्या. साडेअकराच्या गाडीचं तिकीट म्हणजे फुकटचं बीपी.

खासगी बस घेत असाल तर पिकअपचा फोन दुपारीच करून ठेवा. एकदा आम्ही सहा जण सायनला पुलाखाली उभे होतो. साडेबाराला मेसेज आला की गाडी आता चेंबूरला मैत्री पार्कला येईल. एका टॅक्सीत चार जण, दुसऱ्यात दोन, मीटरपेक्षा दुप्पट पैसे, आणि गाडी तिथेही पाऊण तास उशिरा. तेव्हापासून मी एसटीचाच माणूस आहे.

नेरूळहून परतणं उलट सोपं. हायवेवर यायचं आणि दादरहून आरक्षण केलेल्या बसमध्ये नेरूळचा थांबा निवडून चढायचं. फक्त स्टेडियमसमोरचा रस्ता पोलिसांनी बंद केलेला असू शकतो, त्यामुळे थांब्यापर्यंत चालायची तयारी ठेवा.

आणि राहायची तयारी असेल तर उत्तम. प्रत्येक पुणेकराची डोंबिवली-ठाण्याला एक मावशी असते. तिला आधी कळवा. रात्री एकला बेल वाजवून 'सरप्राइज' करू नका. सकाळी इंद्रायणी ५:४० ला सीएसएमटीहून सुटते आणि ठाणे, कल्याणलाही थांबते. दहाच्या आत ऑफिसात. डोळे मात्र लाल.

११. माझी मुलगी मैत्रिणींबरोबर जातेय. रात्रीची लोकल सुरक्षित आहे का?

कॉन्सर्टनंतरची लोकल एरवीच्या त्या वेळच्या लोकलपेक्षा जास्त भरलेली असते, त्यामुळे एकटं पडायची भीती कमीच. रात्री लेडीज डब्यात पोलीस असतो. जनरलमध्ये न शिरता तिथेच चढायला सांगा. रेल्वेची हेल्पलाइन १३९ आणि पोलिसांचा ११२ हे दोन्ही नंबर फोनमध्ये असू द्या. खरी अडचण लोकलमध्ये नाही, दादरला बसची वाट बघण्यात आहे. म्हणून बसचं तिकीट आधी काढलेलं असावं आणि सगळ्या एकाच गाडीत असाव्यात. आणि काकू, दर दहा मिनिटांनी फोन करू नका. आत रेंजही नसते (प्रश्न २२), आणि बॅटरी तेवढी संपते.

१२. जेवायचं कधी? आत खायला मिळतं ना?

मिळतं, महाग मिळतं, आणि मुख्य बँडच्या आधीच्या तासाभरात रांगेशिवाय मिळत नाही. बहुतेक ठिकाणी एकदा बाहेर पडलं की परत आत सोडत नाहीत. त्यामुळे पोटभर जेवण गेटात शिरायच्या आधी, साधारण एक-दीडच्या सुमारास. फेस्टिव्हल असेल तर दुपारपासून वाजायला सुरुवात होते. एकच बँड असेल तर चार-पाचपर्यंत आरामात फिरा.

माझं ठरलेलं वेळापत्रक असं: दहाला दादर, साडेदहाला नाश्ता, मधे भटकंती, एकला जेवण, तीनला रांगेत. फार तेलकट किंवा फार तिखट नको. मे महिन्यात गन्स अँड रोझेसच्या दिवशी आमच्यातला एक जण दुपारी दोन प्लेट तिखट मटण खाऊन रांगेत उभा राहिला आणि पहिल्या गाण्यापर्यंत त्याचा चेहरा हिरवा पडला होता.

१३. दादर-माटुंग्यात नेमकं कुठे आणि काय खायचं?

इथे मी जरा लांबण लावणार आहे.

दादर स्टेशनबाहेर वडापाव आधी. वडापाव १९६६ साली दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांच्या गाडीवर सुरू झाला असं सांगतात. पुण्यातल्या वड्याशी तुलना करायची तर गाडीला टेकून, मोठ्याने नाही.

गोखले रोडकडे शिवसेना भवनाच्या बाजूला आस्वाद. तिथल्या मिसळीला २०१५ मध्ये लंडनच्या फूडी हबचा सर्वोत्तम शाकाहारी पदार्थाचा पुरस्कार मिळाला, आणि तेव्हापासून प्रत्येक पुणेकर 'बघू तरी' म्हणून जातो. तर्रीची सवय असलेल्यांना ती सौम्य वाटेल. मला विचाराल तर तिथे मिसळीपेक्षा थालीपीठ मागवा, त्यावर लोण्याचा गोळा येतो आणि तो कडेने वितळायला लागतो तेव्हाच तोडायचं.

माटुंगा हे मध्य रेल्वेवर दादरच्या अलीकडचं स्टेशन, म्हणजे दादरहून स्लो लोकलने एकच. तिथे रामाश्रय स्टेशनजवळच आहे. इडली-डोसा कुठेही मिळतो, तिथे शिरा खा, अननसाचा मिळाला तर तोच. कॅफे मद्रास १९४० पासून आहे. दारात माणूस नाव लिहून घेतो आणि रविवारी सकाळी तुमचा नंबर यायला अर्धा तास सहज लागतो. रसम वडा मागवा. वडा पूर्ण भिजून फुगेपर्यंत थांबायचं, मग चमच्याने तोडायचा. वाटी कडक तापलेली असते, हात लावू नका. दुपारी केळीच्या पानावर साग्रसंगीत जेवायचं असेल तर स्टेशनलगतच रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग, १९४२ चं. तिथे दुपारी जेवलात तर कॉन्सर्टमध्ये उभं राहायला जड जाईल, पण आयुष्यात एकदा तरी करा.

माशांसाठी दादरला मालवणी-गोव्याची खाणावळ शोधायला लागत नाही. बोंबील फ्राय मागवा. ताजा बोंबील पुण्यात मिळणं अवघड असतं, तो इथे खायचा.

१४. त्या दिवशी नेमकी संकष्टी आहे. उपासाचं काही?

शिवाजी पार्कजवळ प्रकाश. साबुदाणा वडा आणि पियूष. चंद्रोदय मात्र मुख्य बँडच्या मधोमध येईल. आमच्या एका मैत्रिणीने स्टेजच्या उजव्या बाजूला चंद्र बघून, हात जोडून, खिशातला राजगिऱ्याचा लाडू खाल्ला होता. तो तिने गेटवर तपासणीतून आत कसा आणला हे ती अजून सांगत नाही.

१५. पहिल्यांदाच जातोय. इराणी हॉटेल बघायचंय. वेळ होईल का?

डेक्कन क्वीनने दादरऐवजी सीएसएमटीपर्यंत गेलात तर होईल. मेट्रो सिनेमासमोर कयानी, १९०४ सालचं. आपल्या ईस्ट स्ट्रीटच्या कयानी बेकरीचा आणि याचा घोटाळा करू नका. इथे श्रूजबेरी मागितली की वेटर तुमच्याकडे बघून समजतो की पुण्याचे आहात. बन मस्का, मावा केक, चहा. जुनी लाकडी टेबलं, काचेखाली मेनू. रंगभवन तिथून चालत पाच-दहा मिनिटांवर. प्रश्न ३ वाचून हळहळला असाल तर बाहेरून बघून या.

बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया १९२३ चं. बेरी पुलाव. ते दुपारपुरतंच उघडं असतं, तेव्हा संध्याकाळी जाऊन कुलूप बघू नका. तिथून चर्चगेटला येऊन स्लो लोकलने महालक्ष्मी.

१६. कॉन्सर्ट संपल्यावर रात्री काय उघडं असतं?

राहणार असाल तर बरंच काही. रेसकोर्सला लागूनच हाजीअली ज्यूस सेंटर. दहा वाजता घसा बसलेला असतो, तेव्हा तिथलं सीताफळ क्रीम देवाने पाठवल्यासारखं वाटतं. ताडदेवला सरदारची पावभाजी. तव्यावर लोण्याची विटेएवढी वडी पडते आणि ती प्लेटमध्येही दिसते. कुलाब्यात ताजच्या मागच्या गल्लीत बडेमियाँचे कबाब, १९४६ पासून.

परतीची बस असेल तर यातलं काही नाही. दादर स्टँडजवळ मिळेल तो वडापाव, आणि पुढे खालापूरचा फूडमॉल. रात्री दोनला बस थांबते, सगळे डोळे चोळत उतरतात, आणि चहाच्या रांगेत बघावं तर प्रत्येक दुसऱ्या अंगावर त्याच बँडचा टी-शर्ट. कांदाभजीची प्लेट हातात घेऊन अनोळखी माणसाशी 'ते दुसरं सोलो ऐकलंस ना' असं बोलणं सुरू होतं. ड्रायव्हर हॉर्न मारेपर्यंत चालतं.

१७. आत काय नेता येत नाही?

आयोजकांची यादी तिकिटासोबत येते, ती वाचा. बहुतेक वेळा पाण्याची बाटली, छत्री, सेल्फी स्टिक, लेन्स बदलता येणारा कॅमेरा, मोठी बॅग, सेंटची बाटली आणि बाहेरचं खाणं चालत नाही. पॉवर बँकला अनेक ठिकाणी बंदी असते, तेव्हा फोन सकाळपासून जपून वापरा. औषधं नेताना डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा.

बाहेरच्या खाण्यात लालबागचा चिवडाही येतो. परळला उतरून चिवडा गल्लीत गेलो, घरी न्यायला एक किलो घेतला, आणि गेटवरच्या माणसाने पिशवीकडे बोट दाखवून मान हलवली. त्याला 'हे आईसाठी आहे' सांगून पाहिलं. शेवटी आम्ही चौघांनी रांगेबाहेर उभं राहून जमेल तेवढा खाल्ला, उरलेला मागच्या पोरांना वाटला, आणि मी पुण्यात येऊन आईला तुळशीबागेतला आणून दिला. तिने पहिल्या घासाला ओळखलं.

खरेदी करायचीच असेल तर मोठ्या स्टेशनांवरच्या क्लोकरूममध्ये ठेवा. बॅगला कुलूप आणि प्रवासाचं तिकीट लागतं.

१८. कानात बोळे घालून गाणं ऐकायचं म्हणजे काय अर्थ?

मीही असंच म्हणायचो. आता उजव्या कानात शांत खोलीत बारीक शिट्टी वाजते, कायमची. १०० डेसिबलच्या आवाजात कान सुरक्षित राहायची मर्यादा अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या हिशेबाने १५ मिनिटं आहे, आणि प्रत्येक ३ डेसिबलला ती निम्मी होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी सरासरी १०० डेसिबलची मर्यादा सुचवली आहे. स्पीकरसमोर तुम्ही दोन तास उभे असता.

मेडिकलमध्ये मिळणारे फोमचे प्लग चालतात, पण ते वरचे सूर खातात आणि सगळं रजईखालून आल्यासारखं वाटतं. संगीतासाठीचे सिलिकॉनचे, आत फिल्टर असलेले प्लग मिळतात, त्यात आवाज सारखा कमी होतो आणि शब्द उलट जास्त कळतात. एकदा घेतले की वर्षानुवर्षं टिकतात. लहान मूल सोबत असेल तर त्याला कानावरून घालायचे मफ, यात चर्चा नाही.

१९. कपडे, बूट?

बंद बूट. चप्पल घालून पिटमध्ये, म्हणजे स्टेजसमोरच्या नाचणाऱ्या गर्दीत गेलेला माणूस एकाच चपलेने परततो. पुण्याची हवा डोक्यात ठेवून जाडा काळा टी-शर्ट घालू नका, मुंबईत जानेवारीतही घाम येतो. मे महिन्यात तर माझ्या टोपीवर मिठाची पांढरी रेघ उमटली होती. बसमधल्या एसीसाठी मात्र एक पातळ जॅकेट कमरेला बांधा.

२०. वयाची अट असते का? मुलगा सतरा वर्षांचा आहे.

कार्यक्रमागणिक वेगळी असते. काही ठिकाणी पालकांसोबत लहान मुलांना सोडतात, काही ठिकाणी ठरावीक वयाखाली अजिबात नाही. तिकिटाच्या पानावर लिहिलेलं असतं. दारूचं वय मात्र कायद्याने ठरलेलं. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ पूर्ण, कडक दारूसाठी २५. बारजवळ ओळखपत्र बघून वेगळा रिस्टबँड बांधतात. आधारची छापील प्रत जवळ ठेवा, फोन बंद पडला तर.

२१. तिकीट मित्राच्या नावावर आहे, तो येत नाहीये. चालेल? आणि ब्लॅकने घ्यावं का?

मित्राचं तिकीट बऱ्याचदा चालतं, पण अटी वाचा. काही कार्यक्रमांत बुकिंग करणाऱ्याचं ओळखपत्र मागतात. रिस्टबँड कुरिअरने आला असेल तर तो मनगटाला एकदा आवळला की सुटत नाही. 'मापाला' म्हणून घरी आवळून बघू नका.

ब्लॅकचं नको. सप्टेंबर २०२४ मध्ये कोल्डप्लेची तिकिटं काही मिनिटांत संपली आणि लगेच कित्येक पटीने विकायला आली, त्यावर पोलीस तक्रारीही झाल्या. एकच क्यूआर कोड पाच जणांना विकलेला असतो. गेटवर जो पहिला पोहोचला तो आत, बाकीचे चौघे रेसकोर्सची भिंत बघत बसतात. थांबायची तयारी असेल तर शेवटच्या दोन-तीन दिवसांत अधिकृत ठिकाणीच थोडी तिकिटं पुन्हा सुटलेली मी अनेकदा पाहिली आहेत.

२२. आत मित्र पांगले आणि फोन लागत नाही, तर?

लागणारच नाही. आत शिरतानाच जागा ठरवा. 'स्टेजजवळ' ही जागा नव्हे. 'साउंडच्या मचाणाच्या डाव्या कोपऱ्यात, प्रत्येक बँड संपल्यावर पाच मिनिटं' ही जागा. बसची वेळ, गाडी नंबर आणि कंडक्टरचा किंवा ऑफिसचा फोन प्रत्येकाने कागदावर लिहून खिशात ठेवावा. हसू नका, २०२५ मध्ये कागदानेच आम्हाला घरी आणलं.

२३. एवढं जाऊन कॉन्सर्टच रद्द झाली तर?

होतं. ऑक्टोबर २०११ मध्ये मेटालिकाचा गुरगावचा कार्यक्रम ऐन वेळी, लोक मैदानात असताना रद्द झाला. संतापलेल्या गर्दीने स्टेजची मोडतोड केली. दोनच दिवसांनी बेंगळुरूचा मात्र झाला. तिकिटाचे पैसे सहसा परत येतात, बुकिंगचा चार्ज बऱ्याचदा नाही, आणि ट्रेन-हॉटेलचे तर कोणीच देत नाही. म्हणून हॉटेल असं घ्या जे आदल्या दिवशीपर्यंत रद्द करता येतं. पावसाळ्यातले कार्यक्रम बंद सभागृहात असतात, पण बोरघाटात दरड कोसळली की गाड्याच बंद होतात. जून ते सप्टेंबर बसचं तिकीटही हाताशी असू द्या.

२४. मला रॉकमधलं काही कळत नाही, नवऱ्याला जायचंय. मी फक्त खायला सोबत आले तर?

या की. प्रश्न १३ ते १६ तुमच्यासाठीच आहेत. तीन वाजता त्यांना गेटवर सोडा आणि लोकलने गिरगाव किंवा दादर गाठा. दादरच्या बाजारात, प्लाझाच्या गल्लीत, फुलमार्केटात तुमचे पाच तास कुठे गेले कळणार नाही. भेटायची जागा मैदानाबाहेर ठरवू नका, दादर पूर्वेला एशियाड स्टँडवर, बसच्या दारात. आणि जाताना लालबागहून एक किलो चिवडा घ्याल का? तुमच्याकडे तो नक्की पुण्यापर्यंत पोहोचेल.